सल्ला हवा: दर राउंडला वेगळी लिंक बिघडत असेल तर मेसेज बिनचूक कसा पोचवायचा?

धागाकर्ता: नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रोजेक्टसाठी आठ नोडचं (संगणकांचं), 12 लिंकचं हायपरक्यूब घेतलंय, म्हणजे नोडना 000 ते 111 अशी नावं आणि ज्यांच्या नावात एकाच अंकाचा फरक तेच लिंकने जोडलेले. एका राउंडला मेसेज एक लिंक पुढे सरकतो. नोड सगळे प्रामाणिक आहेत, पण प्रत्येक राउंडला हल्लेखोर कुठलीही एक लिंक पकडून तिच्यावरचा मेसेज बदलतो किंवा गिळतो. 000 कडून 111 ला एक बिट पोचवायचाय. तीन स्वतंत्र वाटांनी पाठवून बहुमत घेतो, तरी अधूनमधून उलटा बिट निघतो. दोन आठवडे कोड तपासतोय. काय बदलू?

रात्रपाळी: कोड सोडा, गृहीतक तपासा. f लिंक खोटं बोलत असतील तर 2f+1 वाटा लागतात, आणि तेवढ्या आहेत की नाहीत हे मेंगरच्या 1927 च्या प्रमेयावरून कळतं (दोन नोड तोडायला कमीत कमी जितक्या लिंक कापाव्या लागतात, तितक्याच लिंक सामाईक नसलेल्या वाटा त्यांच्यात मिळतात). तुमच्याकडे तीन आहेत, म्हणजे f=1 ला पुरेशा. पण हे खरं कधी? बिघडलेली लिंक शेवटपर्यंत तीच राहिली तर! तुमचा हल्लेखोर फिरता आहे. कागदावर काढून बघा:

000-001-011-111
000-010-110-111
000-100-101-111

पहिल्या राउंडला त्याने 000-001 पकडली, दुसऱ्याला 010-110. दोन वाटा खोट्या झाल्या, बहुमत त्याचं.

उपाय: तोच बिट प्रत्येक वाटेवर लागोपाठ पाच राउंड सोडा. प्रती 15 होतात, शेवटची पोचेपर्यंत सात राउंड लागतात. एका राउंडला एकच प्रत बिघडते, म्हणजे जास्तीत जास्त सात. उरलेल्या आठ खऱ्या. चारच राउंड सोडलंत तर 12 पैकी सहा बिघडू शकतात आणि बरोबरी होते, म्हणून पाचच्या खाली येऊ नका. कुठल्या राउंडला कुठून काय यायला हवं हे सगळ्या नोडना आधीच ठाऊक हवं. अवेळी आलेलं टाकून द्यायचं, न आलेलं चूक धरायचं.

तिसरा मजला: डिजिटल सही वापरा की, म्हणजे मेसेज बदलला तर लगेच कळतं. मग बहुमताची गरजच नाही, एक खरी प्रत पोचली तरी भागतं.

रात्रपाळी: बरोबर, पण एकदाच पाठवून तिथेही भागत नाही. तीन राउंडमध्ये तो तिन्ही वाटा एकेकदा मारू शकतो. दोनदा पाठवा: सहा प्रती, चार राउंड, दोन तरी वाचतातच. सहीत मेसेजचा क्रमांकही घ्या, नाहीतर जुनाच मेसेज पुन्हा घुसवला जाईल.

धागाकर्ता: सहीशिवायचं करून पाहिलं. हल्लेखोराच्या सगळ्या चाली आळीपाळीने चालवल्या. चार राउंडला बरोबरी सापडली, पाचला एकही चूक नाही. मनापासून आभार. आता मोठ्या ग्राफवर (नोड-लिंकच्या जाळ्यावर) वाटा हाताने कशा शोधू?

तिसरा मजला: हाताने नको. पायथॉनच्या नेटवर्कएक्स या ग्राफच्या लायब्ररीमध्ये लिंक सामाईक नसलेल्या वाटा काढून देणारं फंक्शन तयार आहे. मात्र सर्वांत लांब वाट किती लिंकची आहे ते बघा, राउंडचा हिशोब त्यावरच बसतो.