सहा वर्षांच्या मुलीचं होमस्कूलिंग सुरू करतोय, सुरुवात कशी करावी?

निळीशाई
नमस्कार. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. पुढच्या महिन्यापासून तिला घरीच शिकवायचं असं आम्ही दोघांनी पूर्ण विचार करून ठरवलंय. शाळेबद्दल तक्रार नाही. ती एखाद्या गोष्टीत रमली की खूप वेळ त्यातच असते, आणि दर अर्ध्या तासाने तिला तिथून उठवायला लागू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. मी अर्धा दिवस घरून काम करते, नवरा संध्याकाळी मोकळा असतो.

निर्णय झालेला आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको. सल्ला हवाय तो असा: अभ्यासक्रमाचा तयार संच घ्यावा का? रोज किती वेळ बसवावं? वाचन आणि गणित कुठून सुरू करावं? आणि ती मागे पडत नाहीये हे कळणार कसं? काही अक्षरं ओळखते, अंक शंभरपर्यंत म्हणते.

पाटीपेन्सिल
आमची दोन्ही मुलं घरीच शिकली, आता मोठी आहेत. संच आत्ता घेऊ नका. पैसे मोजले की त्यातली पानं पुरी करून घ्यायची घाई आपल्यालाच सुटते आणि मुलीचं रमणं बाजूला राहतं, ज्यासाठी तुम्ही हे सगळं करताय.

पहिला महिनाभर ती काय करते ते नुसतं बघा आणि लिहून ठेवा. साधी वही, वर तारीख, खाली दोन-चार ओळी. आज कशात रमली, काय विचारलं, कुठे अडली, कशाला कंटाळली. पुढे काय घ्यायचं ते या वहीतूनच सुचत जातं. आणि मागे पडतेय का, हेही तिथेच कळतं. काही महिन्यांपूर्वीचं पान उघडलं की तेव्हा काय येत नव्हतं ते समोर असतं.

बसून शिकायला या वयात दिवसाला तासभर पुरे, तोही तुकड्या-तुकड्यांत. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सांगून गेल्या की लहान मुलांचा धडा वीस मिनिटांच्या पुढे नेऊ नये, आणि वाचून दाखवलेलं मुलाला त्याच्या शब्दांत परत सांगू द्यावं. हे दुसरं फार मोलाचं आहे. रोज गोष्ट वाचून दाखवा आणि मग तिला सांगू द्या. मध्ये दुरुस्त करू नका. ती काय गाळते, कशावर रेंगाळते, कोणता नवा शब्द उचलते, हे ऐकत राहिलात तर वेगळी परीक्षा घ्यायची गरजच उरत नाही.

वाचनासाठी बाराखडी क्रमाने घोकून घेऊ नका. आठ अक्षरं घ्या: क, म, ल, न, र, ब, स, ट. जोडीला फक्त काना. एवढ्यावर मामा, काका, बाबा, नाक, कान, मान, लाल, बस, रस, टाक हे सगळं होतं, आणि 'बाबा, बसा' असं आख्खं वाक्यही. आपण स्वतः वाक्य वाचलं हे मुलाला पहिल्या काही दिवसांतच अनुभवायला मिळालं पाहिजे. मग दर आठवड्याला दोन-तीन अक्षरं वाढवा. सारखी दिसणारी, म्हणजे घ-ध, भ-म, थ-य, एका आठवड्यात आणू नका; एक पक्कं झालं की मगच दुसरं. वेलांट्या-उकार त्यानंतर, जोडाक्षरं अगदी शेवटी.

लिहिण्याची घाई तर मुळीच नको. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं असतात. मूल त्यावरून लिहिण्याच्या दिशेने बोट फिरवतं आणि उच्चार करतं. पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला की घरी तयार. पेन्सिल धरायला बोटांत ताकद लागते. ती माती मळून, कागद फाडून, कात्री चालवून येते.

रविवारसकाळ
पाटीपेन्सिल, बाकी पटलं, पण तुम्हाला अनुभव आहे म्हणून वहीतून पुढचं सुचतं. नव्या पालकाला गणितात तरी एखादं पहिलीचं पुस्तक जवळ हवं. मुलीपुढे ठेवायला नाही, स्वतःला क्रम कळायला. बेरीज कधी, मापन कधी, आकार कधी, हे त्यात दिसतं.

आणि वेळ ठरलेली ठेवा. आमच्याकडे बायको आणि मी दोघेही नोकरी करतो. 'जमेल तेव्हा' म्हटलं की दिवस कामातच जायचा. सकाळी आंघोळीनंतर वाचन, हे एवढं पक्कं केलं आणि बाकी दिवस सैल सोडला.

पाटीपेन्सिल
हो, पुस्तक आपल्यापुरतं ठेवायचं हे चांगलं आहे. मान्य.

खारूताई
सगळ्यात आधी कायदा बघा. देशादेशांत फार फरक आहे. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवायला जवळजवळ मुभाच नाही. फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी काढावी लागते. अमेरिकेत पन्नासही राज्यांत चालतं, पण कुणाला कळवायचं, काय नोंदी ठेवायच्या, ते राज्यागणिक वेगळं. तुम्ही जिथे राहता तिथला नियम लेखी मिळवा, आणि शाळेत नाव असेल तर ते रीतसर काढून कागद जपून ठेवा.

दुसरं, डोळे आणि कान तपासून घ्या. शाळेत बाईंच्या लक्षात येतं की मूल फळ्याकडे डोळे बारीक करून बघतंय किंवा हाक मारली तरी वळत नाही. घरी फळा नसतो, आपण जवळूनच बोलतो, त्यामुळे राहून जातं. वर्षातून एकदा तपासणी कराच. वाचनाचंही तसंच. नियमित, न ओरडता शिकवूनही काही महिन्यांत अक्षर आणि उच्चार यांची सांगड बसली नाही, तर 'शिकेल हळूहळू' म्हणत थांबू नका, तज्ज्ञांना दाखवा. एरवी सहाव्या वर्षी वाचता येत नाही याची काळजी नको. फिनलंडमध्ये मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी पहिलीत जातं.

सोबतीसाठी तीच ती दोन-तीन मुलं दर आठवड्याला भेटतील असं बघा. दर वेळी नव्या घोळक्यात नेऊन मैत्री होत नाही.

दशकएकक
मी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे तेवढ्यावरच लिहितो. शंभरपर्यंत म्हणणं आणि शंभरपर्यंत मोजणं वेगळं. सात मणी ओळीत ठेवा, तिला मोजू द्या. मग तेच मणी लांब-लांब पसरा आणि विचारा, आता किती? ती पुन्हा मोजायला लागली किंवा 'जास्त झाले' म्हणाली तर दुरुस्त करू नका. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी हे पुष्कळ मुलांबरोबर करून पाहिलं होतं. पसरल्याने संख्या बदलत नाही ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होते. तोवर हाताळायला भरपूर वस्तू द्या.

मराठीत आणखी एक अडचण आहे. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, म्हणून मुलं २५ लिहितात. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९ लिहितात. हा निष्काळजीपणा नाही, मूल जे ऐकतं तेच लिहितंय. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. एकोणतीस करायला तीन जुड्या मांडा, 'एक ऊण' म्हणत त्यातली एक जुडी सोडा आणि एक काडी काढून घ्या. उरल्या दोन जुड्या आणि नऊ सुट्या. मगच लिहायला सांगा. असं एकोणचाळीस, एकोणपन्नास करत जा. पाढे सध्या नकोत.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. नियमाची चौकशी सुरू केलीये, वहीही आणली. एक विचारायचंय. आत्ता थोडं बसवून पाहिलं तर ती 'मला नाही करायचं' म्हणून उठून जाते. अशा वेळी काय करता?

पाटीपेन्सिल
जाऊ द्या, पण बसण्याची वेळ मोडू नका. त्या वेळी तुम्ही तिथेच काहीतरी वाचत, लिहीत बसा. बरेचदा मूल आपणहून येऊन टेकतं. रोज एकाच गोष्टीला नाही म्हणत असेल तर ती गोष्ट अवघड जातेय, एक पायरी मागे या. सगळ्यालाच नाही म्हणत असेल तर झोप आणि भूक बघा.

निळीशाई
दशकएकक, जुड्या करून पाहिल्या. एकोणतीसला ३९ लिहिलं होतं, जुडी सोडल्यावर स्वतःच खोडून २९ केलं. मग पुढे निघाली ती एकोणनव्वदपर्यंत बरोबर, आणि त्यानंतर दहा जुड्या मांडून, एक काडी काढून 'एकोणशंभर' म्हणाली. हे लगेच सुधारावं का?

दशकएकक
मुळीच नाही, तिला नियम समजलाय. वहीत तारीख घालून लिहून ठेवा. 'याला नव्व्याण्णव म्हणतात' एवढं एखाद्या दिवशी सहज सांगा. आता उलटं घ्या. सुट्या दहा झाल्या की जुडी बांधायची. एक जुडी आणि आठ सुट्या मांडा, आणखी पाच द्या, आणि 'किती झाल्या?' न विचारता 'जुडी होतेय का बघ' एवढंच म्हणा. हातचा तिथूनच येतो. हे हाताने सहज व्हायला लागलं की मग कागदावर मांडा.