झऱ्याचं पाणी पिण्यासाठी काय न्यावं? (वजन ३०० ग्रॅमच्या आत)

पायवाट: चार दिवस डोंगरात, वाटेतल्या झऱ्यांवर भागवायचंय. पाणी शुद्ध करायचं सगळं सामान ३०० ग्रॅममध्ये बसायला हवं. शेगडी नेणार नाही. काय घेऊ?

काकदृष्टी: उकळा. खळखळून उकळी आली की १ मिनिट, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. विषय संपला.

पायवाट: शेगडी नाही म्हटलंय वर.

झुळझुळ: ०.१ मायक्रॉनची पोकळ तंतूंची गाळणी. जीवाणू, जिआर्डियासारखे पोट बिघडवणारे परजीवी अडतात, विषाणू निसटतात. धार मंदावली की स्वच्छ पाणी उलट्या दिशेनं जोरात सोडायचं. ओली गाळणी गोठली तर तंतू तडकतात आणि बाहेरून काही कळत नाही. थंडीत ती झोपताना पांघरुणात घ्या.

थेंबेथेंबे: गाळणी + क्लोरीन. साध्या, बिनवासाच्या ५-६ टक्के ब्लीचचे लिटरला २ थेंब, मग ३० मिनिटं थांबा. नुसत्या क्लोरीनला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही, म्हणून आधी गाळणी.

मीटरमास्तर: एवढं कशाला? टीडीएस मीटर घ्या. माझं झऱ्याच्या पाण्यात ४० दाखवतं. फर्स्टक्लास!

थेंबेथेंबे: मास्तर, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू त्यात मोजलेच जात नाहीत. सांडपाण्याचा थेंब पडला तरी आकडा तोच राहील.

मीटरमास्तर: चव तरी कळते ना.

उगमशोधी: सामानाआधी झरा बघा. खडकातून किंवा वाळूतून पाणी बाहेर पडतं तिथेच भरा, वीस पावलं खाली तो ओहोळ झालेला असतो. पाऊस पडताच गढूळ होत असेल, तर वरचं पाणी थेट आत शिरतंय. बारा महिने धार आणि गारवा सारखाच राहिला, तर उगम बहुधा खोलवरचा. चढाच्या बाजूला गुरं, शेत, वस्ती, जुनी खाण आहे का बघा. नायट्रेट किंवा आर्सेनिक असेल तर गाळणी, क्लोरीन, उकळणं सगळं फोल. उलट उकळून पाणी आटतं, आणि ते अजून दाट होतं. असा झरा सोडून द्यायचा.

काकदृष्टी: उगमशोधींना +१. पण उकळाच.

झुळझुळ: गाळणी. परत सांगतो, गाळणी.

पायवाट: सगळ्यांचे आभार. रात्री पारा शून्याखाली जाणार आहे, गाळणी फुटली तर कळणारही नाही, आणि ब्लीचची चव नको. शेगडी आणि पातेलं नेतो. वजन ७०० ग्रॅमवर जातंय, जाऊ दे.

झुळझुळ: मग धागा कशाला काढला?

काकदृष्टी: पातेल्याला झाकण न्या, इंधन वाचतं.