सोयाबीन उगवतंय, पण दोन पानांवर रोप बसतंय

वैरागची शेतकरीण:
राम राम मंडळी. गेल्या जूनमध्ये घरचं बियाणं पेरलं. उगवण झकास होती, पण बाराव्या-तेराव्या दिवशी रोपं माना टाकायला लागली. उपटून बघितलं तर मातीलगत कापसासारखे पांढरे तंतू आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. सव्वा एकर मोडून दुबार पेरलं. दुकानदारानं कीटकनाशक दिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. यंदा बीजप्रक्रिया करायचीच आहे. कोणतं औषध, किती? रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी आणणारं जिवाणूखत, लावलं तर चालेल का?

बार्शीकर:
ताई, ही मानकूज. स्क्लेरोशियम नावाची बुरशी. ते मोहरीसारखे दाणे म्हणजे तिचं बीजच, मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतं. कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे मिश्र बुरशीनाशक घ्या, किलोभर बियाला ३ ग्रॅम. ३० किलोला ९० ग्रॅम झालं. अगदी थोड्या पाण्यात कालवून ताडपत्रीवर बी खालीवर करा. हातानं चोळू नका, हे कळकळीनं सांगतो. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी, चोळली की सुटते आणि बी उगवतच नाही. मी पहिल्या वर्षी ज्वारीसारखं चोळलं, निम्मं बी वाया गेलं.

सावलीत सुकू द्या. रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, १० किलोला २५० ग्रॅम. लावलं की लगेच पेरायचं, उन्हात ठेवायचं नाही. हातमोजे घाला. उरलेलं बी खाण्यात किंवा जनावरांपुढे जाऊ देऊ नका.

रब्बीला त्या रानात काय होतं?

वैरागची शेतकरीण:
हरभरा. दोन वर्षं सलग.

बार्शीकर:
मग तिथंच दुखणं आहे. हरभऱ्यालाही हीच बुरशी लागते, तिला बारा महिने खायला मिळालं. यंदा रब्बीला तिथं मालदांडी ज्वारी टाका. औषधाचं कवच पहिले दोन-तीन आठवडेच असतं, पुढचं रानानं सांभाळायचं.

अक्कलकोटहून:
पाणी साचणाऱ्या पट्ट्यात रुंद वरंब्यावर पेरा. शिवाय आधी उगवण तपासा. मेलेल्या बियाला औषध काय करणार? १०० पैकी ७० तरी उगवायला हवेत.

वैरागची शेतकरीण:
ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवलेत. आज पाचवा दिवस, ७८ मोड मोजले. उद्या बुरशीनाशक आणते.