कित्तूरचे इंग्रज ओलीस : काय वाचावे, मुलांना कुठे न्यावे?

नंदगडकरीण
खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी नववीला इतिहास शिकवते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांची ईस्ट इंडिया कंपनीविरुद्धची लढाई मुलांना पाठ आहे. मात्र 23 ऑक्टोबर 1824 रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, तेव्हा कित्तूरकरांच्या हाती सापडलेले इलियट आणि स्टीव्हनसन हे दोन अधिकारी त्यांना ठाऊक नाहीत. ऑक्टोबरातल्या कित्तूर उत्सवाआधी यावर प्रकल्प करायचा आहे. कुठून सुरुवात करावी?

जुनी_कागदपत्रे
बाई, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड (1884) प्रथम पाहा, पण तो सरकारी नजरेने लिहिलेला आहे हे मुलांना आधीच सांगा. कित्तूरचे संस्थानिक शिवलिंगरुद्र देसाई यांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक कंपनीने मान्य केले नाही आणि थॅकरेने खजिन्याला मोहोर लावली, हे कारण समजल्याशिवाय या दोघांना का धरून ठेवले ते उलगडत नाही. फौज चालून येणार हे दिसत असताना वाटाघाटीसाठी राणींच्या हाती हेच दोघे होते. दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याच्याशी बोलणी झाली, दोघे सुटले, आणि तरीही डिसेंबरात किल्ला पडला. त्यांना सोडून राणींच्या पदरात काय पडले, हाच प्रश्न मी प्रकल्पाच्या मध्यभागी ठेवला असता.

मलप्रभाकाठ
श्रीरंगपट्टणमची बेलीची कोठडीही दाखवता येईल. 1780 साली पोल्लिलूरच्या लढाईत पकडलेला कंपनीचा कर्नल बेली हैदर अलीच्या कैदेतच वारला.

जुनी_कागदपत्रे
एका प्रकल्पासाठी तो पल्ला फार लांबचा आहे. त्यापेक्षा बैलहोंगलला जा. इलियट सुटला, पुढे मद्रास इलाख्यात मोठ्या पदांना पोहोचला आणि कन्नड शिलालेखांच्या नकला जमवणारा अभ्यासक म्हणून नावाजला गेला. राणी मात्र बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद राहिल्या आणि 2 फेब्रुवारी 1829 रोजी तिथेच वारल्या. ओलिसांचा प्रकल्प करताना ही दुसरी कैद वगळली, तर (स्पष्टच लिहितो) तो गॅझेटिअरचा गोषवारा होईल.

नंदगडकरीण
मनापासून आभार, सर. सकाळी कित्तूरचा पडका वाडा व संग्रहालय आणि दुपारी बैलहोंगलची समाधी, असा बेत ठरवते. राणींचे लढवय्ये साथीदार संगोळ्ळी रायण्णा यांना 1831 साली आमच्या नंदगडलाच फाशी दिले, तेव्हा तिथली समाधी मुलांना वेगळी दाखवायला नको.

मलप्रभाकाठ
शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांनाही सोबत न्या. कित्तूर आणि रायण्णांवरच्या लावण्या कन्नडमध्ये आहेत, आणि राणींच्या बाजूचे बरेचसे त्यांतच सापडते.