सहा जणांची चार टेबलं एका लॅपटॉपवर: वेळ संपतो, क्लिक चुकतं

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. ऑनलाइन पोकर खेळतो: नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पानं, मधली पाच सगळ्यांची, चिप्स हव्या तेवढ्या लावायच्या), सहा खुर्च्यांची कॅश टेबलं (स्पर्धा नव्हे, कधीही बसा-उठा), फुकट चिप्सवर. सराव हवाय तो गोव्यातल्या प्रत्यक्ष टेबलासाठी. तिथं तासाला पंचवीस-तीस डावच होतात, तेवढ्यावर हात बसत नाही. दोन टेबलं व्यवस्थित जमतात. चार उघडली की एकावर विचार चालू असताना दुसऱ्यावरचा वेळ संपून पानं आपोआप फोल्ड होतात (सोडली जातात), आणि मधूनच क्लिक भलत्याच टेबलावर पडतं. लॅपटॉप 15.6 इंची, स्क्रीन 1366×768, रॅम 8 जीबी. मांडणी कशी करावी, आणि चार टेबलं झेपतात की नाही हे कशावरून ओळखावं?

कृष्णाकाठ (सांगली)

क्लिक चुकण्याचं कारण बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतं. 'आपली पाळी आली की टेबल पुढे आणा' हा पर्याय चालू आहे का बघा. तुम्ही डावीकडच्या टेबलावर 'कॉल' (समोरच्याएवढ्याच चिप्स भरणं) दाबायला जाता, त्याच क्षणी दुसरं टेबल उडी मारून वर येतं आणि क्लिक त्याच्या बटणावर पडतं. टेबलं शेजारी-शेजारी, म्हणजे टाइल करून लावली असतील तर हा पर्याय बंदच ठेवा. एकावर एक रचली असतील तर मात्र तो लागतोच, नाहीतर खालचं टेबल दिसणार नाही.

आता स्क्रीन. 1366×768 चे चार भाग केले की एका टेबलाला 683×384 मिळतात, त्यातून टास्कबार आणि खिडक्यांच्या पट्ट्या वजा करा. बऱ्याच अ‍ॅपना एवढं लहान होताच येत नाही, मग टेबलं एकमेकांवर चढतात आणि नेमकी खालची बटणं झाकली जातात. 24 इंची 1920×1080 चा मॉनिटर एचडीएमआयने जोडलात तर प्रत्येकाला 960×540 मिळतात, चार टेबलांना तेवढं पुरे. विंडोजचं स्केलिंग 125 टक्के असेल तर 100 करा. मॉनिटर घ्यायचा नसेल तर या लॅपटॉपवर तीनच टेबलं, पायऱ्यांसारखी तिरकी लावून, प्रत्येकाची बटणं उघडी राहतील अशी.

बेटचा (लावायच्या चिप्सचा) आकडा माऊसने सरकवत बसू नका. पॉटच्या (मध्ये जमलेल्या चिप्सच्या) 33, 66 आणि 100 टक्क्यांची तयार बटणं सेट करा. ऑल-इनला (सगळ्या चिप्स एकदम लावण्याला) कीबोर्डचा शॉर्टकट देऊच नका.

अजिंक्यतारा (सातारा)

मांडणी सुधारली तरी वेळ संपण्याचा त्रास पूर्ण जाणार नाही, कारण तो हिशोब वेगळा आहे. सहा खुर्च्यांच्या टेबलावर तासाला साधारण 75 डाव होतात. चार टेबलांवर 300, म्हणजे दर 12 सेकंदांना एक नवा डाव. नेटकं खेळणारा त्यातले तीन-चतुर्थांशाहून जास्त डाव पहिल्या दोन पानांवरच सोडतो. उरतात तासाला सत्तरेक. ते एका मागोमाग आले तर काहीच अडचण नाही. दोन अवघड डाव एकाच वेळी येतात तिथं गाडी अडते, कारण पाळीला मिळतात पंधरा-वीस सेकंद आणि वर थोडा टाइम बँक (राखीव वेळ). म्हणून सोप्या निर्णयांवर एक सेकंदही जाता कामा नये, वाचलेला सगळा वेळ अवघड डावाला गेला पाहिजे.

फ्लॉपच्या (मधल्या पहिल्या तीन पानांच्या) आधीचा खेळ त्यासाठी ठरवूनच टाकायचा. पहिल्या जागेवरून 15 टक्के पानं, बटनच्या (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी पाळी येणाऱ्या जागेच्या) अलीकडच्या जागेवरून 25. बटनवरून एक-दोन टेबलांवर 40 चालतात, चारवर 32-33 पुरेत. कमी काय करायचं? राजा-नव्वी वेगळ्या रंगाची, एक्का आणि खालचं पान वेगळ्या रंगाचं, गुलाम-अठ्ठी. या पानांना जोडी लागली तरी ती अनेकदा दुसऱ्या क्रमांकाची ठरते, आणि मग फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हर (पाचवं) तिन्ही ठिकाणी डोकं खाते. त्यांच्यातून होणारा फायदा तसाही बारीक असतो. टेबल वाढवताना पहिली कात्री इथंच लावायची.

उघडताना, म्हणजे पहिली रेज (वाढीव बेट) करताना, अडीच ब्लाइंड (पानं वाटण्याआधी एकाला सक्तीने भरावा लागणारा मोठा ब्लाइंड हेच माप), आधी कुणी नुसता कॉल करून आत आला असेल तर दर माणशी एक ब्लाइंड वर. समोरच्याच्या रेजवर पुन्हा रेज करायची तर आपण त्याच्यानंतर खेळणार असू तेव्हा तिप्पट, आधी खेळणार असू तेव्हा चौपट. फ्लॉपवर राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची, असलं कोरडं बोर्ड (मधली पानं) असेल तर पॉटच्या एक-तृतीयांश बेट. गुलाम-दश्शी-अठ्ठी आणि दोन बदाम असं भरलेलं बोर्ड असेल तर दोन-तृतीयांश.

दोन टेबलं एकदम लुकलुकली की आधी फोल्डचं टेबल निकालात काढा, त्याला क्षणही लागत नाही. मग मोठ्या पॉटकडे वळा. पाळीआधी टिक करून ठेवायची ती फक्त 'फोल्ड'ची, मोठ्या ब्लाइंडवर असाल तर 'चेक/फोल्ड'ची (काही न भरता पुढे जाता आलं तर चेक, नाहीतर फोल्ड). 'कितीही असो, कॉल' या टिकला हात लावू नका: मध्ये कुणी ऑल-इन केलं तरी ती तशीच राहते.

कराडकर

वरचं सगळं बरोबर, पण मूळ हेतूशी जुळत नाही असं मला वाटतं. फुकट चिप्सवर लोक कसल्याही पानांवर कॉल करतात. तिथं ब्लफ चालत नाही, चांगली जोडी लागली की पॉटच्या दोन-तृतीयांश ते पूर्ण पॉट बेट करत राहायचं, एवढाच शहाणपणा. गोव्यात बसल्यावर उपयोगी पडतं ते समोरच्या आठ माणसांकडे लक्ष. कोण ब्लाइंडवरून कधीच सोडत नाही, कोण टर्नवर ढिला पडतो, हे टिपायची सवय. चार टेबलांवर ती सवय मोडते, कारण तुम्ही फक्त स्वतःची पानं बघता.

माझा सल्ला: आठवड्यातले दोन दिवस दोनच टेबलं, आणि सोडलेल्या डावातही शेवटी कोणाची पानं उघडी झाली ते पाहून नोंद. स्पर्धा खेळणार असाल तर 15 ते 25 ब्लाइंड उरल्यावरचा खेळ वेगळा घोटवा. कॅश टेबलावर बहुतेक जण साधारण 100 ब्लाइंड घेऊन बसलेले असतात, तिथं तो सराव होतच नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

कराडकर, नोंदींचं पटलं. पण पहिल्या दोन पानांचे निर्णय विचार न करता व्हायचे तर डावांची संख्या लागते, आणि ती चार टेबलांवर चौपट वेगाने मिळते. दोन्ही सराव वेगळ्या दिवशी करावेत.

हळदपेठ (सांगली)

विजेचं आणि नेटचं कुणी बोललं नाही. पोकरला डेटा फार लागत नाही, पण नेट पाच सेकंद गेलं तर चारही टेबलं एकदम अडकतात. वायफायऐवजी केबल लावा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो. त्याला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या. फायबरवाल्याचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा. अनेक जण एवढंच विसरतात आणि मग राउटरचा दिवा चालू, नेट मात्र गायब.

रॅम 8 जीबी पुरते, फक्त ब्राउझरचे टॅब बंद ठेवा. मोबाइलचं अ‍ॅप इम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर मोबाइलची अ‍ॅप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) वेगवेगळ्या खात्यांनी चार वेळा उघडू नका, रॅम तर खातंच, शिवाय एका माणसाची दोन खाती बहुतेक ठिकाणी बाद होतात. घरातले दोघं एकाच वायफायवरून एकाच टेबलावर बसले तरी संगनमताचा संशय येतो.

आणि फुकट चिप्स रोखीत बदलून देतो म्हणणारे टेलिग्रामवर भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. 2025 चा केंद्राचा कायदा कौशल्य की नशीब असा भेद करत नाही, पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ पुरवणं हा त्यात गुन्हा आहे.

विश्रामबागकर (सांगली)

मनापासून आभार. मॉनिटर घेतो. एकच राहिलं: गेल्या 10,000 डावांत चार टेबलांवर 600 ब्लाइंड वर आहे, म्हणजे दर शंभर डावांना 6. मग झेपतंय असं धरायचं का?

अजिंक्यतारा (सातारा)

त्या आकड्यावरून धरू नका. सहा खुर्च्यांच्या होल्डेममध्ये दर शंभर डावांचं स्टँडर्ड डिव्हिएशन (सरासरीपासूनच्या चढ-उताराचं माप) साधारण 90 ते 100 ब्लाइंड असतं. 95 धरा. 10,000 डाव म्हणजे शंभर-शंभरचे शंभर गट, म्हणून 95 ला शंभरच्या वर्गमुळाने, म्हणजे दहाने भागायचं: 9.5. तुमचा 6 हा आकडा दोन्ही बाजूंना त्याच्या दुपटीने, 19 ने सहज हलू शकतो, म्हणजे खरा खेळ उणे 13 पासून अधिक 25 पर्यंत कुठंही असू शकेल. त्यात फुकट चिप्सवरचे कॉल धरलेत तर तो आकडा आणखीच कमी बोलतो.

प्रति टेबल फायदा थोडा घसरला तर घाबरायचंही नाही. समजा एका टेबलावर शंभर डावांना 8 ब्लाइंड मिळतात, तर 75 डावांत तासाला 6. चार टेबलांवर तेच 5 वर आले तरी 300 डावांत 15 होतात. आठ टेबलांवर 1.5 वर आले तर 600 डावांत पुन्हा 9. टेबलं वाढवत गेल्यावर एका ठिकाणी उलट फिरतं ते असं.

मोजायचं ते दुसरं: तासाभरात टाइम बँक किती वेळा लागला, वेळ संपून किती डाव गेले, चुकीचं क्लिक किती. मोठ्या पॉटवर टाइम बँक लागला तर ठीक. पहिल्या दोन पानांवर लागला, किंवा एकही डाव वेळ संपून गेला, तर एक टेबल कमी करा. दोनवरून थेट चारवर न जाता आठवडाभर तीन चालवा. सलग तासाभरापेक्षा जास्त बसू नका. उठायच्या दहा मिनिटं आधी सगळ्या टेबलांवर 'पुढच्या मोठ्या ब्लाइंडला बाहेर' टिक करा, म्हणजे टेबलं एकेक करून आपसूक कमी होतात आणि शेवटचे डाव घाईत जात नाहीत.