अनुभव धागा: तुमच्या घरात 'ब्रेड' म्हणजे नेमकं काय?

मंडळी, मी गोव्यात, फोंडा तालुक्यात इंग्रजी शिकवते. आमच्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकून येतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम, आणि मग दरवर्षी वहीत हे वाक्य येतंच, 'आय एट टू ब्रेड्स'. मी लाल शाई मारते पण मला त्या मुलांची बाजू पूर्ण पटते, कारण सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, दारात आला की हीच मुलं पैसे घेऊन धावतात आणि चार पाव दोन उंडे (उंडा म्हणजे कडक सालीचा गोल पाव) असं मोजूनच घेतात. इंग्रजीत मात्र ब्रेड दूध-पाण्यासारखा, सुटा मोजायचा नाही. मोजायचा झाला तर लोफ, स्लाइस, रोल, बन यातलं काहीतरी पुढे आणायचं, टू लोव्हज ऑफ ब्रेड, थ्री स्लाइसेस, टू रोल्स. ब्रेड्स म्हणतात ते फक्त प्रकार सांगायचे असतील तेव्हा. हे नियम म्हणून सांगितलं की दोन दिवसांत पुसलं जातं, म्हणून मला मुलांसमोर ठेवायला खरे अनुभव हवेत. या शब्दावरून तुमच्याकडे काय काय घडलंय ते लिहा, कितीही लांब चालेल.

पर्वरीहून
माझं माहेर सांगली. लग्नानंतर पहिल्यांदा आई इकडे राहायला आली तेव्हा सासूबाई सकाळी म्हणाल्या, पोळ्या घेतल्यात, चहाबरोबर खाऊया. आई परातीतल्या चपात्या शोधतेय आणि टोपलीत निघाल्या त्या गोल चपट्या, आतून पोकळ, वर कोंडा भुरभुरलेला, हात लावला की बोटांना कोंडा चिकटतो. कोण पोई म्हणतं, आमच्या घरी पोळीच म्हणतात. आई म्हणे हा तर ब्रेड, सासूबाई म्हणे छे, ब्रेड तो दुकानातला पिशवीतला कापलेला, ही पोळी. दोघी आपापल्या जागी बरोबर! आमच्या वाड्यावर आजही ब्रेड म्हणजे फक्त स्लाइसचा, बाकी प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे. आणि कुणी आजारी असेल तरच ब्रेड आणायचा, तो टोस्ट करून द्यायला.

कळंगुटहून
माझी सगळी नोकरी हॉटेलच्या किचनमध्ये गेली, सीझनला इंग्लंडचे पाहुणे भरपूर. सुरुवातीला वाटायचं इंग्रज म्हणजे सगळे एकच इंग्रजी बोलणार. ते काही खरं नाही. नाश्त्याला आम्ही उंडे ठेवायचो, तर नॉटिंगहॅमच्या बाई म्हणाल्या लव्हली कॉब, मँचेस्टरचा माणूस त्यालाच बार्म म्हणाला, यॉर्कशायरचे आजोबा ब्रेडकेक म्हणाले, म्हणजे मला वाटलं केक पाहिजे, तर नाही, तोच उंडा. लंडनकडचे सरळ रोल म्हणतात. कुणी बॅप म्हणतं तेव्हा मऊ पाव समजायचा, आणि कॉव्हेंट्रीच्या बाजूला बॅच म्हणतात. हे लोक या शब्दांवरून आपसात टेबलावर वाद घालायचे आणि तेही मनापासून, एकमेकांना तुमचं चुकीचं म्हणून सांगायचे. तेव्हा मला आपल्याकडचं आठवायचं, सासष्टीचा माणूस आणि पेडण्याचा माणूस एका वस्तूला दोन नावं देतात तसंच ते. बाईंनी मुलांना जरूर सांगावं की इंग्रजांकडेही एक शब्द नाही.

पणजीहून
थोडं शब्दांच्या मुळाबद्दल लिहितो, आवड आहे म्हणून. पाव म्हणजे पाव किलोतला पाव किंवा चार तुकड्यांतला एक, असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. पण तो शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आलाय, शेवटी नाकातला उच्चार, कोकणीत तो अजून ऐकू येतो. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले आणि 1961 पर्यंत राहिले, भट्टीचा पाव त्यांच्यामुळे रुजला, आणि आंबवायला यीस्टच्या ऐवजी माडाची सूर, म्हणजे माडी, वापरायचे. पदेर हाही त्यांच्या पादेइरोवरूनच. आता गंमत ही की पोर्तुगीज शब्दाच्या मागे लॅटिन 'पानिस' आहे आणि त्याच पानिसवरून इंग्रजीत पॅन्ट्री आला, कंपॅनियन आला, म्हणजे जो सोबत बसून पाव खातो तो सोबती, आणि त्यातूनच आपण रोज म्हणतो ती कंपनी. म्हणजे पाव आणि कंपनी एका घरचे.

इंग्रजांचा जुना शब्द मात्र ब्रेड नव्हे, लोफ. जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ' म्हणजेच ब्रेड. लॉर्ड हा शब्द 'लोफ राखणारा' यावरून आणि लेडी 'लोफ मळणारी' यावरून झालाय. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, एवढे मोठे मानाचे शब्द शेवटी पीठ मळण्यातून निघाले. ब्रेडचा मूळ अर्थ तुकडा, घास असा असावा असं काही भाषातज्ज्ञ मानतात, मग हळूहळू ब्रेड अख्ख्या पदार्थाचं नाव झालं आणि लोफ एका नगाचं. बाई, तुमचा मोजण्या-न मोजण्याचा घोळ इथे सुरू झाला बघा.

मडगावहून
वरच्यांनी घास म्हटलं म्हणून लिहिते. माझी शेजारीण ख्रिस्ती, तिच्याकडे संध्याकाळची प्रार्थना कानावर पडते. इंग्रजीत जिथे डेली ब्रेड आहे तिथे कोकणीत गिरास म्हणतात, म्हणजे घासच. मराठी बायबलात तिथे भाकर आहे. मला तिन्ही आवडतात पण गिरास सगळ्यात जवळचा वाटतो, भात खाणाऱ्यांनाही आपला वाटेल असा.

डिचोलीहून
माझा अनुभव ब्रेडविनरचा. वडील गेल्यावर कॉलेजात एक फॉर्म भरायचा होता, त्यात विचारलेलं ब्रेडविनर ऑफ द फॅमिली कोण. मी आईचं नाव लिहिलं तर खिडकीवरच्या माणसाने विचारलं घरात कुणी पुरुष नाही का. आई पहाटे उठून लोकांच्या घरी स्वयंपाकाला जायची, आमचं तिघा भावंडांचं शिक्षण तिच्यावर चाललं. मी तेच नाव ठेवलं. मराठीत कमावती म्हणतात, कर्ती म्हणतात, मला कर्ती जास्त पटतो कारण त्यात नुसता पैसा नाही. पण मुलींना ब्रेडविनर हा शब्द जरूर शिकवा आणि उदाहरणात 'शी' वापरा, पुस्तकात नेहमी इंग्रजी 'ही', म्हणजे पुरुषच, असतो.

काणकोणहून
आमचं छोटं होमस्टे आहे, मेनू इंग्रजीत मी लिहिते. आधी सगळ्यापुढे गोवन ब्रेड लिहायचे, मग पाहुणे विचारायचे कुठला, आणि प्रत्येकाला टोपली आणून दाखवायला लागायची. आता मी नाव आपलंच ठेवते आणि पुढे समजेल असं लिहिते. उंडो, क्रस्टी राउंड रोल. पोई, फ्लॅट पॉकेट ब्रेड विथ ब्रॅन. कात्रे पाव, कात्रीने कापून फुलपाखरासारखा केलेला, त्याला बटरफ्लाय शेप्ड रोल. कांकण म्हणजे बांगडीसारखा कडक, त्याच्यापुढे लिहिलंय हार्ड ब्रेड रिंग, डिप इन टी, नाहीतर लोक तसाच चावायला बघतात. बाईंना हवा असेल तर मेनूचा फोटो पाठवते, मुलांना लोफ, रोल, रिंग सगळं एका पानावर मिळेल.