माकडं आणि पॅकमॅन
वेळ भरपूर दिला तर माकड नुसती बटणं दाबत चान्सवर कधीतरी एखादा व्हिडिओ गेम संपवेलच, असं काहीजण म्हणतात, कागदावर ते बरोबरे, पण आकडा तरी बघा, 8 बटणांतून लागोपाठ 10 वेळा नेमकं हवं तेच दाबायचं म्हटलं तरी 107 कोटींत एकदा. आणि माकड काही रँडम मशीन नसतं, 2003 च्या सुमारास इंग्लंडात पेंटन झूमध्ये सहा माकडांपुढे कीबोर्ड ठेवला तर पाचेक पानं, तीही बहुतेक 'एस'च, वर कीबोर्डवर घाण केली ती वेगळीच :)

शिकण्याची गोष्ट मात्र निराळी. चीनमधल्या संशोधकांनी दोन ऱ्हीसस माकडांना जॉयस्टिकवर पॅकमॅन (भुतांना चुकवत चक्रव्यूहातले सगळे ठिपके खायचा व्हिडिओ गेम) शिकवला, ठिपका खाल्ला की तोंडात ज्यूस, 2022 ला पेपर आला. भुतांपासून कधी पळायचं, कधी उलट त्यांच्याच मागे लागायचं हे तर जमलंच, पण मला भारी वाटलं ते म्हणजे उरलेले ठिपके लांब असले की ती कधीकधी मुद्दाम भुताच्या तोंडी जायची, कारण मेलं की पॅकमॅन परत सुरुवातीच्या जागी येतो आणि तिथून ठिपके जवळ पडतात. चक्क शॉर्टकट! आम्ही लहानपणी टीव्ही गेमवर एक लाईफ असं घालवलं असतं तर शेजारच्या दादाने रिमोटच काढून घेतला असता.